काडेपेटीतलं लग्न

रविवार, २४ सप्टेंबर २००६

स. साडेआठला अभिचा फोन. सौ. लगेच गॅलरीत, तुळशीला पाणी घालायला. दर रविवारी त्या तुळशीला एवढं पाणी मिळतंय की एक दिवस कुजणार बिचारी. जूनपासून हेच. पोराने तिकडे अमेरिकेत नोराशी लग्न केलं आणि उरकल्यावर आम्हाला कळवलं. मी चार दिवस आदळआपट केली आणि थंड झालो. सौ.ने आदळआपट केली नाही. त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्याच्या वाटणीचं आता माझ्याशी बोलते.

पार्सल पोचल्याचं त्याला सांगितलं. काल त्याच्या मित्राने आणून दिलं. अभिचा जुना लॅपटॉप (मला मेल करायला) आणि व्हिडिओ कॅमेरा, त्यात लग्नाची टेप (आईला दाखवायला). सौ.ने पिशवीकडे एकदाच बघितलं. "वरातीमागून घोडं." विषय संपला.

अभि म्हणतो, डिसेंबरात दोघं येऊ, पण तिकिटं दिवाळीपर्यंत काढायला हवीत. "आई माझ्याशी एक शब्द बोलली तरी काढतो, बाबा. नाहीतर नोराला आणून उभी कुठे करू?" मी तिकडची हवा विचारली.

सोमवार, २५ सप्टें.

कॅमेऱ्याच्या बाजूला एक इवलासा पडदा उघडतो. त्यात बघितलं लग्न. चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून. हिरवळ, खुर्च्या, अभि कोटात. नोरा उंच आहे. अभिच्या मित्राची आई आली होती, तिला नोरा वाकून नमस्कार करते, तर टाचेचा बूट मातीत रुतून तिथेच राहतो. अभि तो उपसून देतो. मी एकटाच मोठ्याने हसलो.

कॅमेरा स्वयंपाकघरात नेऊन सौ.पुढे धरला. तिने लाटणं थांबवलं नाही. "मी काही त्या काडेपेटीत डोळे घालणार नाही. दाखवायचंच असेल तर माणसांसारखं मोठं दाखवा."

नाही म्हणाली नाही. मोठं दाखवा म्हणाली. लिहून ठेवतो, उद्या पलटली तर.

बुधवार, २७ सप्टें.

टीव्हीला जोडून बघितलं. चित्र काळंपांढरं, आणि सारखं वर वर सरकतं. अख्खं वऱ्हाड लिफ्टमध्ये घातल्यासारखं. अभिची मेल आली: तिकडची पद्धत वेगळी, आपल्या जुन्या टीव्हीला ती झेपत नाही. लॅपटॉपवर उतरवून घ्या, मोठं दिसेल, सोपं आहे.

सोपं तर सोपं. बाकी काम काय आहे? पिंपरीच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली (स्वेच्छा त्यांची) तेव्हापासून फिरणं, दूध, पेपर, बँक, आणि मग उरलेला दिवस. सगळी नोकरी मापाची गेज तपासण्यात गेली. एक वायर जोडता येणार नाही?

शुक्रवार, २९ सप्टें.

नाही येत.

लॅपटॉप म्हणतो, कॅमेरा सापडला. उघडून बघावं तर आत काही नाही. केबल काढली, घातली. दुसऱ्या भोकात घातली. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा सापडला, पुन्हा रिकामा. उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो, पुन्हा तेच केलं. सौ. दारातून: "जेवायला येताय, की तो सापडल्यावर दोघं मिळून येताय?"

शनिवार, ३० सप्टें.

समोरच्या फ्लॅटमधल्या वैशालीला बोलावलं. अकोल्याची, देशमुखांची सून, हिंजवडीला नोकरी. शनि-रवि घरी. सौ.ला ती आवडते. दुसऱ्याची सून आवडायला काय जातं.

"काहून टेन्शन घेता काका? या यूएसबीतून फक्त फोटो येतात. टेपला फायरवायर लागते." कॅमेऱ्याच्या कडेला रबराचं झाकण आहे, त्याखाली नखाएवढी खाच. लॅपटॉपलाही तसलीच एक. या खाचेतून त्या खाचेत केबल लावायची, इकडे टेप चालवायची, तिकडे लॅपटॉप भरून घेतो. तिच्या कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही घालायला बंदी आहे, म्हणजे आमच्याच लॅपटॉपवर भिस्त.

झाकण उघडलं ते परत बसेना. लोंबतंय. राहू दे.

ती गेल्यावर एक घोळ झाला. बटणं तपासताना लाल बटण दाबलं गेलं. टेप अगदी सुरुवातीला होती. लक्षात येईपर्यंत लग्नाच्या फाटकावर आमच्या छताचा पंखा आणि माझी हनुवटी रेकॉर्ड झाली. वर "च्यायला, हा दिवा कसला?" हेही. फाटकावरची फुलं गेली ती गेलीच. नशीब, माणसं शाबूत. टेपच्या पाठीवर एक खटका असतो, तो सरकवला, आता पुन्हा पुसली जाणार नाही.

कुणाला सांगायचं नाही.

सोमवार, २ ऑक्टो. दसरा

पाने, पक्कड, मायक्रोमीटर पाटावर मांडले. सौ. म्हणाली, लॅपटॉपही ठेवा, आता तेच तुमचं हत्यार. ठेवला. कॅमेरा मुद्दाम कपाटातच राहू दिला, सणाच्या दिवशी वाद नको. ती अक्षता टाकायला लागली तसा मी ओरडलो. फूल वाह, कुंकू लाव, पण अक्षता नकोत, फटीत जातात. कंपनीत दर दसऱ्याला मशिनांवर अक्षता पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चिमट्याने वेचत बसायचो.

"देवासमोर तरी भाषण नको," सौ.

खाली जाऊन स्कूटर धुतली, पुसली, हार घातला. देशमुख भेटले, त्यांना सोनं दिलं. ते बोलत बसले असते, मला उभं राहवेना. वर आलो तर सौ. बेडरूममध्ये कपाटापाशी. "एवढ्यात झाली स्कूटर?" म्हणाली. म्हटलं, झाली. ओल्या फडक्याने हात पुसत स्वयंपाकघरात गेली.

श्रीखंड चांगलं झालं होतं. अभिचं आवडतं. कुणी तसं म्हणालं नाही.

गुरुवार, ५ ऑक्टो.

गुरुवार, म्हणजे दिवसभर लाइट नाही. घरात बसवेना, तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. केबल मागितली.

दुकानदार: "कशाला हवी?"

"व्हिडिओ कॅमेऱ्याला."

"कॅमेरा कुठाय?"

"घरी."

"लग्न ठरवायला येताना मुलाला आणतात ना बरोबर?"

मी म्हटलं, आमच्यात आणत नाहीत. त्याला काही कळलं नाही, बरं झालं. अंदाजाने एक घेऊन आलो. कॅमेऱ्याच्या बाजूचं टोक बरोबर दिसतंय, लॅपटॉपच्या बाजूचं टोक खाचेच्या दुप्पट. बसमध्ये तासभर उभं राहून हे मिळवलं.

शनिवार, ७ ऑक्टो.

केबल बदलून आणली. घेतली त्याने परत, पण तोंड असं केलं की जणू मी त्याची मुलगीच नाकारली. या वेळी दोन्ही टोकं सारखी, बारीक. लॅपटॉपमध्ये टक्कन बसली. कॅमेऱ्यात जरा घट्ट जाते, पुरी आत गेल्यासारखी वाटत नाही. वैशाली म्हणाली, नवीन आहे, बसेल.

लॅपटॉप म्हणतो: कॅप्चर डिव्हाइस सापडले नाही.

आधी सापडायचा आणि रिकामा असायचा. आता सापडतच नाही. प्रगती आहे.

रविवार, ८ ऑक्टो.

अभिचा फोन. सौ. तुळशीपाशी. तो तिकडून सांगतो, मी इकडे करतो. कॅमेरा टेप चालवायच्या खटक्यावर आहे का? आहे. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. टाकला. आता रीस्टार्ट. केलं. काय दिसतंय? काही नाही. असं कसं? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आज कळलं, आणि शेळी मीच.

"नाचता येईना अंगण वाकडं," गॅलरीतून सौ. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. पण सगळं ऐकत होती म्हणजे.

फोन ठेवताना अभि: "आई तिथेच आहे ना?" म्हटलं, आहे. "बरी आहे ना?" म्हटलं, तुळस बुडवते आहे.

मंगळवार, १० ऑक्टो.

आता बॅटरीचं खूळ. रविवारी पूर्ण भरून ठेवली होती. आज दु. वाचनालयातून आलो, कॅमेरा चालू केला तर मेला. मागच्या आठवड्यातही हेच झालं. न वापरता उतरते म्हणजे बॅटरी गेली. सौ.ला म्हटलं, पोराने आपल्याला जुना माल पाठवला. "असेल," म्हणाली. एरवी 'पोराने' म्हटलं की निदान तीन वाक्यं ऐकवते.

शनिवार, १४ ऑक्टो.

वैशालीने ऑफिसातल्या कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला. आमची केबल, आमचा लॅपटॉप, त्याचा कॅमेरा. लावला आणि लगेच चित्र! कुणाच्या तरी बाळाचं बारसं. मी आणि वैशाली उभे राहून अनोळखी बाळाचं बारसं बघतोय आणि टाळ्या वाजवतोय. सौ.ही पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. "छान मोठं दिसतं की," म्हणाली.

म्हणजे केबल ठीक, लॅपटॉप ठीक. बिघाड आमच्या कॅमेऱ्यात. त्याच केबलने आमचा लावला: सापडले नाही. वैशाली म्हणाली, "पोर्ट गेला काका. बोर्ड बदलावा लागीन, इथं मिळणं कठीण." तिने आणलेल्या कॅमेऱ्यात टेप घालून बघू म्हटलं, तर तो दुसऱ्या जातीचा, टेपची डबीच वेगळी.

सौ. आत गेली. भांडी फार आपटली आज.

रविवार, १५ ऑक्टो.

अभि म्हणाला, "सोडा बाबा. एवढी धडपड नका करू. मी इकडून सीडी करून पाठवतो." म्हटलं, पोस्टाने येईपर्यंत दिवाळी जाईल. तो म्हणाला, "जाऊ दे ना. पुढच्या वर्षी बघू." समजुतीच्या आवाजात बोलत होता. मला तो आवाज आवडत नाही. डॉक्टर लोक तसं बोलतात.

फोन ठेवून बिबवेवाडीतून चालत निघालो तो थेट मार्केट यार्डपर्यंत गेलो. का गेलो माहीत नाही. फुलांच्या गाड्या बघत उभा राहिलो. मला पोराला भेटायचंय, बास. त्याची बायको बघायची आहे. ती खरंच एवढी उंच आहे का ते बघायचंय. आणि हे सगळं एका नखाएवढ्या खाचेपाशी अडलंय.

सौ.ला काय वाटतं ते मला कळत नाही. विचारलं तर म्हणते, तुमचं चालू दे.

मंगळवार, १७ ऑक्टो.

सौ. स. भाजीला गेली. मी टेबल खिडकीशी ओढलं, नोकरीतलं भिंग काढलं. बोर्ड गेला असेल तर गेला, पण स्वतः बघितल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही, गेजचंसुद्धा नाही.

खाचेत लाल दिसलं. आधी वाटलं गंज. गंज इतका लाल नसतो. जळलं म्हणावं तर जळकं काळं असतं. दात कोरायची काडी घेतली, हळूच टोकरलं. लाल-पिवळा चुरा पडला. मग काहीतरी टणक अडकलं. ते फिरवून फिरवून बाहेर काढलं.

तांदळाचा दाणा. अख्खा. कुंकवाने लाल झालेला.

दाणा तळहातावर घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. कॅमेरा मी पाटावर ठेवलाच नव्हता. कपाटात होता. मी खाली स्कूटरला हार घालत होतो तेव्हा तिने तो काढला, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मी नको म्हणत असताना. आणि माझी पावलं ऐकून ओल्या फडक्याने पुसून परत ठेवला. बाहेरचं पुसलं गेलं. झाकण लोंबत होतं, तिथे आत राहिलं ते राहिलं, वाळून घट्ट झालं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तपकीर गल्ली दोनदा, अमेरिका दोनदा.

आणि बॅटरी. बॅटरीला काही झालेलं नाही. मी वाचनालयात जातो ती दु. दोन ते चार. सौ. तेव्हा घरी एकटी असते.

चिडावं की काय करावं. एवढं मनात असून त्या पोराला महिनोन्महिने...

खाच साफ केली, दाणा मायक्रोमीटरच्या डबीत ठेवला. केबल टक्कन बसली. लॅपटॉपवर हिरवळ, खुर्च्या, अभि.

सौ. पिशवी घेऊन आली. पडदा बघून दारातच थांबली.

"काय होतं?"

"कचरा."

"कसला?"

"साधा. निघाला."

तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं झालं," म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली. सगळी निवडून होईस्तोवर मान वर केली नाही.

बुधवार, १८ ऑक्टो.

टेप पूर्ण उतरवली. मध्ये एकदा लॅपटॉप म्हणाला जागा नाही. अभिची जुनी गाणी पुसली, त्याला सांगेन नंतर. गुरुवारच्या आत झालं हे बरं.

सौ.ला म्हटलं, मोठं झालंय, बघतेस? "फराळाचं पडलंय. सवडीने." जबरदस्ती केली नाही. मला घाई आहे हे तिला माहीत आहे, म्हणूनच.

अभिला मेल केली नाही अजून. काय लिहू? तुझ्या आईने तुझ्या कॅमेऱ्याची पूजा केली म्हणून तो बंद पडला? तिचं तिने सांगावं. मी कोण?

रविवार, २२ ऑक्टो.

काल लक्ष्मीपूजन झालं. आज स. आठलाच लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर लावला. मुद्दाम. साडेआठला फोन येणार, त्याआधी थोडं तरी बघून होईल. सौ. मेथीची जुडी घेऊन समोर बसली. बघायला नाही, मेथी निवडायला.

सुरू करणार तोच आठवलं, सुरुवातीला माझी हनुवटी आहे. पुढे ढकलायचं बटण शोधायला लागलो.

सौ. मेथीतून वर न बघता म्हणाली, "राहू दे. आधी तुमचा पंखा येईल, मग लग्न."

मी बटणावरचा हात काढला. पंखा आला, हनुवटी आली, "च्यायला" झालं. मग लग्न. दोघं बघत राहिलो. नोरा वाकली, बूट रुतला. सौ.च्या तोंडून "अगं" निघालं. मी तिच्याकडे बघितलं तशी म्हणाली, "हिरवळीवर कुणी टाचेचं घालतं?" मग थोड्या वेळाने, "पण वाकली तरी."

म्हटलं, वाकली.

"त्याने सांगितलं असणार."

"असेल."

"मला सांगायचं सुचलं नाही, तिला सांगायचं सुचलं." आवाज फाटला जरा. पदर तोंडाशी नेला. मी लॅपटॉपकडेच बघत राहिलो, तिला तसंच हवं असतं.

फोन वाजला. ती उठली, सवयीने झारी उचलली, गॅलरीच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली. फोन वाजतच होता, मी उचलला नाही. हात पुढे गेला होता, मागे घेतला.

"अहो, तो आवाज कमी करा आधी. काही ऐकू येत नाही."

आवाज कमी करायचं बटण मला काही केल्या सापडेना. तिने झारी ठेवली आणि फोन उचलला. हॅलो म्हणाली नाही. नुसता कानाला लावून उभी. तिकडून अभि, "हॅलो? बाबा? हॅलो?" खोलीभर ऐकू येत होतं. पडद्यावर अभि कोणाशी तरी हसून बोलत होता, तेही ऐकू येत होतं. ती ऐकत राहिली. दोन्ही.

मग फोन माझ्या हातात दिला. "विचारा त्याला, ती काय खाते."

"बाबा? आत्ता फोन कुणी उचलला?"

"तुझ्या आईने."

"काही बोलली?"

"माझ्याशी बोलली. तुझी बायको काय खाते म्हणून विचारते आहे."

लाइन गेली असं वाटलं. सौ. पुन्हा मेथीपाशी बसली होती, पानं टाकत होती काड्यांत आणि काड्या परातीत.

"बाबा," अभि म्हणाला, "तिकिटांसाठी हा शब्द धरायचा का?"

म्हटलं, "ते मागून बघू. आधी उत्तर दे. ती थांबली आहे."